सिचुआनच्या साध्या खानावळीत जेवायला जाताना

तिरफळ दाताखाली आलं की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बांगड्याच्या तिखल्यात ती ठेचून टाकलेली असतात. त्यांचं काम झालं की ताटाच्या कडेला काढून ठेवायची. बोलण्याच्या नादात एखादं चावलं गेलं, की जीभ झिणझिणते, तोंडाला पाणी सुटतं आणि पुढची दहा मिनिटं कशाचीच चव धड लागत नाही. चेंगडू ही चीनमधल्या सिचुआन प्रांताची राजधानी. तिथल्या एका गल्लीत, बुटक्या स्टुलावर बसून मी पहिल्यांदा मापो तोफू, म्हणजे खिमा घातलेल्या तिखट रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर, खाल्लं तेव्हा नेमकं हेच झालं. समोरचे सहकारी काळजीने बघत होते आणि मी मनाने मालवणच्या स्वयंपाकघरात पोचले होते.

पुढची तीन वर्षं कामानिमित्त त्याच शहरात गेली. घरचे आले, पुण्या-मुंबईचे मित्र आले, चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं सुट्टीत येऊन गेली. सगळ्यांना जेवायला नेणं माझ्याकडे. तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: सिचुआनचं जेवण सोसायला जायचं नसतं. चार पदार्थ एकमेकांना सांभाळून घेतील असं मागवता आलं, की लवंगी मिरचीला घाबरणारा माणूसही तिथे पोटभर आणि आनंदाने जेवतो. हा लेख त्या मागवण्याचा आणि जेवण्याचा आहे. चेंगडूला निघाला असाल तर जसाच्या तसा उपयोगी पडेल. सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीत सिचुआनी मालकाच्या छोट्या हॉटेलात बसलात तरी यातलं बहुतेक लागू पडतं.

१. ‘शेजवान’ बाजूला ठेवा

आपल्याकडे गाडीवर मिळते ती शेजवान चटणी म्हणजे सुक्या लाल मिरच्या, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर आणि साखर. चटणी म्हणून ती झकास असते. पण तिच्या भरवशावर ‘मला सिचुआन चालतं’ असं धरून गेलात तर पहिल्याच घासाला गोंधळ उडेल. सिचुआनचा स्वयंपाक ज्या दोन गोष्टींवर उभा आहे, त्या दोन्ही या चटणीत सहसा नसतात.

पहिली दोउबानज्यांग. फावा बीन्स आणि लाल मिरच्या मिठात मुरवून केलेला दाट, तांबूस-तपकिरी मसाला. चेंगडूला लागून असलेल्या पीश्येनचा सगळ्यात नावाजलेला. मोठाल्या रांजणांत तो महिनोन्‌महिने मुरतो. ऊन असलं की झाकण काढून ढवळायचा, पाऊस आला की झाकायचा. तेलात परतला की तेल लालभडक होतं आणि मुरलेल्या लोणच्याच्या खारासारखा वास सुटतो. सिचुआनी पदार्थांतला खारटपणा बराचसा याचाच असतो. म्हणून हे पदार्थ भाताबरोबर खायचे, नुसते नाहीत.

दुसरी ह्वाज्याओ, म्हणजे आपल्या तिरफळाची बहीण. दोन्ही झाडं एकाच प्रजातीतली आणि लिंबाच्या कुळातली. ह्वाज्याओ नाकाशी धरली की लिंबाच्या सालीचा वास येतो तो त्यामुळेच. अमेरिकेत हिच्या आयातीवर १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी होती, कारण लिंबू-संत्र्याच्या बागांना लागणारा कँकर रोग तिच्याबरोबर येईल अशी भीती होती. तिकडच्या कुणी जुन्या हॉटेलांतलं ‘सिचुआन’ खाऊन मत बनवलं असेल, तर त्यांनी पुन्हा एकदा खाऊन बघावं.

मिरची तिथेही परकीच. ती चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली आणि सिचुआनच्या स्वयंपाकघरात रुळायला आणखी दोनेकशे वर्षं गेली. त्याआधी तिथे ‘ज्याओ’ म्हटलं की ह्वाज्याओच. नवी मिरची आली तेव्हा तिला ‘लाज्याओ’ म्हणजे तिखट ज्याओ म्हणू लागले. आपण मिरीवरून मिरचीचं नाव घेतलं, तसंच.

२. ‘मा’ आणि ‘ला’ वेगळे ओळखायला शिका

चिनी भाषेत मा म्हणजे झिणझिण्या, बधिरपणा. ला म्हणजे तिखट. दोन्ही एकत्र आले की मा-ला. पहिल्यांदा खाणारा माणूस दोन्हींना मिळून ‘फार तिखट’ म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण दोन्हींवरचा उपाय निराळा आहे.

मा येतो तो ह्वाज्याओतल्या सँशूल नावाच्या द्रव्यामुळे. तो स्पर्श ओळखणाऱ्या नसांना छेडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक सुरेख प्रयोग मांडला होता. लोकांच्या ओठांना ह्वाज्याओ लावली आणि ती झिणझिण बोटाला दिलेल्या कंपनांशी जुळवून बघायला सांगितली. ती जुळली सेकंदाला सुमारे ५० कंपनांशी. ओठ थरथरल्यासारखे वाटतात ते मनाचे खेळ नव्हेत. ला येतो मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे. तो शरीरात साधारण ४३ अंशांवरची उष्णता ओळखणाऱ्या यंत्रणेला जागं करतो, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. भाजत मात्र काहीच नसतं.

जेवणाआधी हा फरक स्वतःच्या जिभेवर तपासून घ्या. ह्वाज्याओचं एकच टरफल घ्या. आत काळं चमकदार बी असेल तर काढून टाका, त्याला चव नसते आणि ते दाताखाली वाळूसारखं करकरतं. टरफल पुढच्या दातांनी दोनदा चावून जिभेच्या टोकावर ठेवा. पहिले काही क्षण नुसता लिंबासारखा वास, जरा कडवटपणा. मग टोकाशी मुंग्या, मग ओठ, मग गालांच्या आतून पाण्याचा लोट. इथे घाबरून पाणी पिऊ नका, थांबा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपसूक ओसरतं. एकदा हे शांतपणे अनुभवलंत, की जेवताना ओठ बधिर झाले तरी ‘मला काहीतरी होतंय’ ही धास्ती राहत नाही. शेंगदाण्याची, तिळाची खरी ॲलर्जी असणाऱ्यांना तर हा फरक कळायलाच हवा, कारण हे दोन्ही जिन्नस तिथे पावलोपावली असतात आणि ॲलर्जीतही तोंडाला झिणझिण्याच येतात. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडकला, तर तो मसाला नव्हे. लगेच डॉक्टर गाठायचा.

लाल ह्वाज्याओचा वास उबदार आणि गोडसर असतो. सिचुआनमधल्या हानय्वेन भागातली सगळ्यात नामांकित, एकेकाळी राजदरबारी नजराणा म्हणून जायची. हिरवी जात वेगळी, तिचा वास कोवळ्या लिंबाच्या पानासारखा आणि झिणझिण जास्त धारदार. माशाच्या पदार्थांवर हिरवे घोस दिसले तर समजून घ्या.

३. निघण्याआधी

रिकाम्या पोटी जाऊ नका. दीड-दोन तास आधी पोळी, दूधभात, केळं, काहीतरी पोटात असू द्या. पांढरा शर्ट नको. लाल तेलाचा डाग धुऊन पूर्ण जात नाही. कागदी रुमाल स्वतःचे न्या, पुष्कळ ठिकाणी ते मागितल्याशिवाय येत नाहीत किंवा त्यांचे वेगळे पैसे पडतात. ॲसिडिटी किंवा मूळव्याधीचा त्रास उसळलेला असेल तर तो दिवस सोडून द्या. हे मी काळजीपोटी सांगते आहे.

४. खानावळ आणि वेळ

चेंगडूत छोट्या, दिसायला यथातथा पण हाताला चव असलेल्या खानावळींना ‘त्सांगयिंग ग्वान्झ’ म्हणतात. शब्दशः अर्थ घोंघावणाऱ्या घरमाश्यांची खानावळ. नावाने दचकू नका. तिथल्या लोकांच्या तोंडी हे कौतुकाचं नाव आहे. चेंगडूला युनेस्कोने २०१० साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, पण त्या शहराचं रोजचं जेवण या गल्लीबोळांत शिजतं. सात-आठ टेबलं, भिंतीवर लिहिलेली यादी, आणि दारातून दिसणारी कढई.

निवडताना मी दोनच गोष्टी बघते: आसपासच्या दुकानांतली, कचेऱ्यांतली माणसं तिथे जेवताहेत का, आणि टेबलं भराभर रिकामी होऊन पुन्हा भरताहेत का. दुपारी साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाचला पोचा. बारा-साडेबाराला बसायला जागा नसते आणि नवख्या माणसाला समजावून सांगायला कुणाला सवडही नसते. मालकीणबाई मध्यमवयीन असतील तर ‘न्यांगन्यांग’ अशी हाक मारा. हा तिथला काकू-मावशीचा शब्द. परक्या माणसाच्या तोंडून तो ऐकला की चेहरा खुलतो आणि पुढचं सगळं सोपं होतं. पुष्कळ ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मागवायचं असतं आणि पैसेही फोननेच द्यायचे असतात. परदेशी कार्ड अलीपे या फोनवरून पैसे देण्याच्या ॲपला आधीच, हॉटेलच्या खोलीत बसून जोडून ठेवा.

५. मागवणं : सगळं यशापयश इथे ठरतं

तिखट पदार्थ ‘बिनतिखट’ करून मागू नका. जो पदार्थ मुळातच तिखट नाही तो मागवा. माझ्या बरोबरच्या मंडळींची सगळ्यात मोठी चूक हीच होत असे. श्वेइजू यू, म्हणजे मिरच्यांच्या लाल तेलातला मासा, मागवायचं आणि ‘मिरची घालू नका’ म्हणायचं. मिरचीवाचून तो पदार्थच उरत नाही, आचारी हिरमुसतो आणि समोर बेचव मासा येतो. सिचुआनच्या स्वयंपाकात परंपरेने २४ चवी मोजतात आणि मा-ला त्यातली एक. आंबट-गोड आहे, लसणाची आहे, आल्याची आहे, तीळकुटासारख्या वाटणाची आहे. बिनतिखट खाणाऱ्याला जागा भरपूर आहे.

माणसं जेवढी तेवढे पदार्थ, वर एक पालेभाजी, एक पातळ सूप आणि भात. सगळं मध्ये ठेवून वाटून खायचं. चार जणांचं टेबल मी असं मांडते.

आधी थंड पदार्थ, पाय ह्वांगग्वा. काकडी सुरीच्या पात्याने चेचून लसूण, व्हिनेगर आणि थोड्या तिळाच्या तेलात घोळवलेली. आपल्या खमंग काकडीची लांबची नातलग. ती जेवण संपेपर्यंत टेबलावर राहू द्या. दोन तिखट घासांमध्ये एक फोड.

मग मा-ला चा एकच खरा पदार्थ. पहिल्या भेटीत तो मापो तोफू असावा. गोष्ट अशी सांगतात, की १८६२ च्या सुमारास चेंगडूच्या उत्तरेला एका पुलाजवळ चेन आडनावाच्या घराची खानावळ होती. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण, म्हणून ‘मा-पो’, व्रणांची म्हातारी. इथला मा झिणझिण्यांचा नव्हे, व्रणांचा. हा पदार्थ पहिला का? कारण तोफू स्वतः सौम्य आणि मऊ असतं, तिखट त्याच्या बाहेर राहतं. किती घ्यायचं ते प्रत्येक चमच्याला आपल्या हातात असतं.

तिसरा गोंगबाओ जीदिंग, म्हणजे कुंग पाओ चिकन. कोंबडीचे छोटे तुकडे, शेंगदाणे, सुक्या मिरच्या. ‘गोंगबाओ’ ही सिचुआनचे राज्यपाल दिंग बाओझन यांची पदवी. ते १८८६ साली वारले, पण पदवी ताटात राहिली. मिरच्या तेलात काळपट होईपर्यंत परततात, त्यामुळे वास खमंग येतो आणि चव आंबट-गोड राहते. मुलं हा पदार्थ आवडीने खातात, फक्त मिरच्यांचे तुकडे काढून द्या.

चौथं यूश्यांग वांगं. नावाचा अर्थ ‘माशाच्या सुवासाचं’, मासा त्यात औषधालाही नसतो. माशासाठी जो मसाला वापरत, तो म्हणजे लोणच्याची मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, साखर आणि व्हिनेगर, तोच वांग्याला लावला. भरल्या वांग्यावर वाढलेल्या माणसाला हे वांगं आपलं वाटतं. माझ्या आईने चेंगडूतल्या पंधरा दिवसांत ते नऊ वेळा मागवलं.

बरोबर छिंगछाओ, म्हणजे फक्त लसणावर परतलेली पालेभाजी. ती काढू नका. तिच्याशिवाय टेबलाचा तोल जातो. सूप म्हणून टोमॅटो-अंड्याचं फानछ्ये जीदान थांग. आणि मीफान, पांढरा भात, पदार्थांबरोबरच आणायला सांगा. एरवी तो शेवटी येतो आणि तोवर तोंड पेटलेलं असतं.

लाल तेलाचं मोठं भांडं एका टेबलावर एकच असू द्या. श्वेइजू यू मागवलंत तर मापो पुढच्या वेळी.

तिखटपणाचे शब्द असे: बू ला म्हणजे तिखट नको, वेइ ला म्हणजे किंचित, जोंग ला मध्यम. वेइ ला वरून सुरुवात करा. मालवणी, कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी घरातले असलात तरीही. आपली सवय ला ची असते, मा ची नव्हे. शेजारच्या चोंगछिंग शहरात गंमतीने म्हणतात की वेइ ला ही तिथल्या माणसाने दिलेली शेवटची सवलत. तिथलं किंचित म्हणजे आपलं चांगलं झणझणीत. मिरच्यांतही फरक आहे. अरजिंगथ्याओ ही लांब मिरची रंगाला आणि वासाला, आपल्या ब्याडगीसारखी. श्याओमीला ही बोटभर बारकी मिरची लवंगीच्या वळणाची. पदार्थावर कच्च्या लाल-हिरव्या चकत्या दिसल्या तर ती श्याओमीला समजा आणि जपून घ्या.

६. शाकाहारी असाल, किंवा गोमांस चालत नसेल तर

या भागात मला घाई करायची नाही, कारण आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

पुण्याची एक मैत्रीण आली होती, जन्माची शाकाहारी. एका खानावळीत मी स्पष्ट विचारलं, फरसबीत मांस आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं. तिने दोन घास खाल्ले आणि शेंगांमध्ये बारीक तपकिरी दाणे दिसले. खिमा होता. आचाऱ्याने आमची फसवणूक केली नव्हती. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे, खिमा म्हणजे फोडणी. चूक माझ्या प्रश्नात होती. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी ती जेवली नाही, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढ्यावर थांबत नाही. चार गोष्टी नावाने सांगते: खिमा नको, म्हणजे ‘बू याओ रोउमो’. डुकराची चरबी नको, वनस्पतीचं तेल वापरा. कोंबडीची पूड, जीजिंग, नको. मांसाचं पाणी नको. हे चिनी लिपीत फोनमध्ये आधीच लिहून ठेवा आणि बोलण्याऐवजी दाखवा. जीजिंग विसरू नका. भाजी निव्वळ शाकाहारी दिसते, पण चमचाभर पूड जवळपास सगळ्यात पडते.

शाकाहाऱ्यांसाठी सहज जमणारे पदार्थ: काकडी, खिम्याशिवाय यूश्यांग वांगं, बटाट्याचा आंबट-तिखट कीस, लसणावरची पालेभाजी, खिम्याशिवाय मापो. बटाट्याचा कीस विशेष सांगते. तो मुद्दाम कच्चट, करकरीत ठेवतात. शिजला नाही असं वाटून परत पाठवू नका. मनात शंका न ठेवता जेवायचं असेल तर चेंगडूच्या वनशू मठाच्या शाकाहारी भोजनालयात जा. बौद्ध मठाच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आपल्या जैन मित्रांची मोठी सोय होते. कंदमुळांचं तेवढं वेगळं विचारावं लागतं.

गोमांस न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: मापो तोफूत परंपरेने गायी-बैलाचाच खिमा असतो. फूछी फेइप्येन हा थंड पदार्थ गोमांसाचाच. हॉटपॉट म्हणजे टेबलावर उकळत ठेवलेला रस्सा, त्यात जिन्नस बुडवून खायचे. चोंगछिंगच्या हॉटपॉटचा लाल रस्सा बैलाच्या चरबीत केलेला असतो, मग वरून तुम्ही नुसत्या भाज्या बुडवल्यात तरी. तिथे ‘छिंगयोउ’, म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा मागा. तो सरसूच्या वर्गातल्या तेलाचा असतो. ‘बू छ न्यूरोउ’ म्हणजे गोमांस खात नाही, ‘बू छ जूरोउ’ म्हणजे डुकराचं खात नाही.

७. जेवताना

लाल तेल पिण्यासाठी नसतं. नवख्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे तर्री भाकरीबरोबर संपवायची असते. श्वेइजू यू या नावाचा अर्थ ‘पाण्यात उकडलेला मासा’ आणि येतं ते तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं, वर मिरच्यांचा थर. ते तेल शिजवायला, गरम ठेवायला आणि वास द्यायला आहे. माशाचा तुकडा चॉपस्टिकने उचला, भांड्याच्या काठावर क्षणभर धरून तेल निथळू द्या, चिकटलेले ह्वाज्याओचे दाणे झटका आणि मग आपल्या वाडग्यातल्या भातावर टेकवा. भात उरलेलं तेल टिपतो. आता खा. तेल लागलेला तेवढा भात आधी खाल्लात तर पुढचा घास झोंबतो, म्हणून त्याखालचा पांढरा भातही बरोबर घ्या.

लाझजी नावाचा कोंबडीचा पदार्थ येतो तेव्हा परातीत नुसत्या सुक्या लाल मिरच्यांचा ढीग दिसतो. मिरच्या खायच्या नसतात. त्यांच्यात बोराएवढे कुरकुरीत तुकडे लपलेले असतात, ते हुडकून खायचे. चवीला हा पदार्थ दिसतो त्याच्या निम्माही तिखट नसतो.

मापोचा घास असा घ्या. आधी वास. चांगल्या मापोवर भाजून कुटलेल्या ह्वाज्याओची पूड शेवटी भुरभुरलेली असते आणि वाफेबरोबर ती आधी नाकात येते. चमच्याने भांड्याच्या तळातून घ्या, म्हणजे तोफूचे चौकोन मोडत नाहीत. वर लसणाच्या हिरव्या पातीचे तुकडे, अजून करकरीत. कढत असतं, फुंकर घाला. जिभेवर आधी दोउबानज्यांगचा खारट-मुरलेला स्वाद, मग खिम्याचा कुरकुरीत कण, मग तोफू विरघळतं, आणि ते विरघळता विरघळता मिरची येते. झिणझिण्या सगळ्यात शेवटी. हा क्रम ओळखीचा झाला की तिखट अंगावर येत नाही.

पहिल्या झिणझिण्या आल्या की चॉपस्टिक खाली ठेवा. एखादं मिनिट बोला, काकडी खा. ह्या थांब्यानंतरचा घास निराळा लागतो: जीभ जरा बधिर झाल्याने मिरचीची धार बोथट होते आणि खालची गोड, आंबट, मुरलेली चव वर येते. सिचुआनी माणूस जेवताना घाई करत नाही. टेबलावर गप्पा मोठ्या आवाजात चाललेल्या असतात आणि हात मधूनमधून जातो.

दानदान म्येन मागवलंत तर खाण्याआधी तळापासून ढवळा. पूर्वी विक्रेते कावडीच्या दोन टोकांना चूल आणि सामान अडकवून गल्लीगल्लीत हिंडत, त्या कावडीवरून हे नाव आलं. त्यात सूप जवळजवळ नसतं. मसाला, लाल तेल, खारवलेली पाल्याची भाजी, सगळं तळाशी असतं. ढवळल्याशिवाय खाल्लं तर वरचे घास फिके आणि शेवटचे असह्य. आणि या नूडल्स सुर्रकन ओढू नका. लाल तेलाचा तुषार घशात गेला की जो ठसका लागतो त्याने डोळे पांढरे होतात.

८. तोंड पेटलंच तर

पाण्याने काही होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. नुसतं पसरतं. गरम चहाने आग वाढते, सोडा असलेल्या पेयांनीही बऱ्याच जणांची वाढते. बिअरमधलं अल्कोहोल इतकं थोडं असतं की तिचा आधार धरू नये. कामाला येतं ते दूध: त्यातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. खानावळीत दूध मिळेलच असं नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात दह्याच्या छोट्या बाटल्या मिळतात. मी माणसागणिक एक पर्समध्ये ठेवत असे. सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं गोड दूध खानावळीतच असतं, तेही चालतं. थोडी साखर जिभेवर ठेवली तरी फरक पडतो. भात तोंडात धरून सावकाश चावा. आणि बिंगफन मागवा. पारदर्शक थरथरती जेली, वर गुळाचा काळसर पाक, शेंगदाण्याचा कूट, बेदाणे. चेंगडूच्या उन्हाळ्यात गारेगार बिंगफनची वाटी म्हणजे सुख.

झिणझिण्यांवर मात्र यातलं काहीच लागू नाही. त्यांना वेळ द्यावा लागतो.

मिरची लागलेला हात डोळ्याला लावू नका. लागलाच तर आधी हात साबणाने दोनदा धुवा, मग डोळ्यावर भरपूर साधं पाणी. लहान मुलांच्या बाबतीत हे फार सांभाळा.

हॉटपॉटचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण पहिल्यांदा जात असाल तर य्वेनयांग ग्वो मागा, म्हणजे मध्ये पडदा घालून अर्धा लाल आणि अर्धा पांढरा रस्सा. बुडवून काढलेला तुकडा तिळाचं तेल आणि ठेचलेला लसूण यांच्या वाटीत घोळवून खायचा. ते तेल गार असतं, त्याने तुकडा निवतो आणि मसाला निथळतो. ती वाटी टाळून खाणारे पहिल्या पंधरा मिनिटांत उठतात.

९. दुसऱ्या दिवशी, आणि घरी नेताना

रात्री झोपण्याआधी एक पेला दूध किंवा ताक. सकाळी पोटात जळजळ वाटली तर पेज किंवा दहीभात. चेंगडूत भाताची पेज प्रत्येक न्याहारीच्या दुकानात असते, बरोबर तिथलं खारं लोणचं. लागोपाठ दोन दिवस मा-ला खाऊ नका. मध्ये एक दिवस वाफवलेलं, साधं जेवा. तिथली माणसंही घरी रोज मा-ला खात नाहीत.

परत येताना ह्वाज्याओ आणा. पाकीटबंद नव्हे, सुटी विकत मिळते तिथून घ्या. मूठभर हातात घेऊन दाबा आणि हात नाकाशी न्या. वास हाताला चिकटून राहिला पाहिजे. टरफलं उमललेली, आतून पांढरट, बिया आणि काटक्या कमी. भुऱ्या पडलेल्या जुन्या मालाला झिणझिण उरत नाही. हवाबंद बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि पूड लागेल तेवढीच करा: कोरड्या कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, धूर येण्याआधी उतरवायची, गार झाल्यावर खलबत्त्यात कुटून चाळून घ्यायची.

घरी मी ती बांगड्यात घालून बघितली आहे. वाटण तेच, ओलं खोबरं, ब्याडगी, चिंच किंवा कोकम. तिरफळाऐवजी सात-आठ लाल ह्वाज्याओ जराशा ठेचून शेवटच्या उकळीला. तिरफळापेक्षा वास नाजूक येतो, झिणझिण जास्त. चार माणसांच्या कालवणाला आठाच्या वर घालू नका, आणि वाढताना सगळ्यांना सांगा की दाणे ताटाच्या कडेला काढून ठेवा.